मूठ सोडली होती

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात लिहिलेलं म्हणून जे काही आहे, ते एका पत्र्याच्या पेटीत मावतं. सातबारा, रेशनकार्ड, आत्याच्या लग्नाची पत्रिका आणि माझी गुणपत्रकं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे कोणती गोष्ट लिहावी आणि कोणती पोटात ठेवावी, हे विचारायलाही घरात कोणी नाही. आजवर मी मोठं असं एकच लिखाण केलं, ते म्हणजे दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. विषय होता जुन्या मोटरसायकलला नवा एलईडी हेडलाइट बसवणं. त्यात आकृत्या होत्या, फोटो होते, आणि शेवटच्या पानावर प्रयोग यशस्वी झाला असं मीच लिहिलं होतं. सरांनी लाल पेनाने शेरा दिला, 'छान'. त्या रिपोर्टमधलं एकही वाक्य खोटं नाही. पण त्यात एक माणूस राहून गेला. त्याच्याबद्दल लिहायचं आहे. कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटरसायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. आमचं गाव घोटावड्याहून आत फाट्याने गेलं की लागतं. अण्णा रोज पहाटे दुधाच्या दोन किटल्या दोन बाजूंना अडकवून भुकूमच्या नव्या इमारतींमध्ये दूध घालायला जातात आणि उजाडता उजाडता परत येतात. हिवाळ्यात तर जाता-येता दोन्ही वेळा काळोख असतो.

त्या गाडीचा जुना दिवा कसा होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. इंजिन फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती थेट दिव्याला जाते. हँडलची रेसची मूठ पिळली की दिवा उजळतो, मूठ सोडली की मंदावतो. उताराला गाडी नुसती सोडली तर समोर निरांजनाएवढा उजेड उरतो. मला त्याचा लहानपणापासून राग यायचा. दिवा लावायचा आपण, आणि तो कधी मोठा कधी लहान हे ठरवणार इंजिन!

पण आमच्या गावच्या जुन्या माणसांनी त्यातून एक रीत काढली होती. समोरून कोणी आलं, चालत, सायकलवर किंवा बैल घेऊन, की मूठ सोडायची. दिवा आपोआप बारीक होतो, समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही. उजेड वर-खाली करायचं अप्पर-डिप्परचं बटण कोणी वापरत नव्हतं. अण्णांच्या गाडीचं बटण तर कित्येक वर्षांपूर्वी तुटून पडलं होतं, आणि त्याच्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. माणूस दिसला की मूठ सोडायची. रस्त्यात पाव्हणा भेटला की राम राम घालतात, तसंच ते होतं. ती वीज आहे, कॉइल आहे, हे कोणाच्या मनातही नव्हतं.

अण्णांची रोज पहाटे गाठ पडायची ती तात्यांशी. तात्या आमच्या भावकीतले नाहीत, अण्णांचे लहानपणापासूनचे सोबती. आमची भातलावणी ते आणि त्यांच्या घरचे करणार, त्यांची आम्ही. घोटावड्याजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर ते सकाळच्या पाळीला वॉचमन होते. आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, हे त्यांचं काम, आणि आपलं अक्षर चांगलं आहे याचा त्यांना अभिमान होता. अण्णा रिकाम्या किटल्या घेऊन परतायचे तेव्हा तात्या सायकलवरून कामाला निघालेले असायचे. ओढ्यावरच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, दोघे समोरासमोर यायचे. त्या मोरीला कठडा नाही. अण्णा मूठ सोडायचे, तात्या हात वर करायचे. कधी एखादा शब्द, कधी तोही नाही.

मी हेडलाइट बसवला तो डिसेंबरातल्या एका रविवारी. एलईडीला वीज स्थिर लागते, म्हणून कॉइलची वायर बॅटरी भरणाऱ्या रेक्टिफायरकडे फिरवली आणि दिवा बॅटरीवर घेतला. नवा दिवा, रेक्टिफायर आणि डिप्परचं नवीन बटण, सगळं पुण्यातून आणलं होतं. दिवसभर अंगणात गाडी उघडून बसलो होतो. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय इंजिनेर, जुळतंय का?" मला ते आवडत होतं. इंजिनियर व्हायला अजून अडीच वर्षं होती, पण मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

दिवस मावळला तेव्हा बटण बसवायचं राहिलं होतं. दांड्यावरची जुनी पट्टी गंजून घट्ट बसली होती, निघेना. अंगणात सात-आठ माणसं जमली होती आणि सगळे म्हणत होते, लाव, लाव. मी अप्परची वायर थेट जोडली. डिप्परच्या वायरीच्या टोकाला टेप गुंडाळली आणि ती दिव्यामागे दडवली. बटण पिशवीतच राहिलं. पुढच्या खेपेला बसवू, असं मी मनाशी म्हटलं. फोटोत बटण दिसणार नव्हतं.

गाडी चालू केली. पांढराशुभ्र उजेड अंगण ओलांडून पार गावाच्या कडेच्या पाण्याच्या टाकीवर पडला.

"आयला, टाकीवरची अक्षरं वाचता येत्यात!" कोणीतरी ओरडलं.

"तुला वाचाय येतंय, हेच आज कळलं," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

तात्याही आले होते. ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "आरं, दूध घालाय जायचंय का चोर धराय? उद्या मोरीवर गाठ पडंल तवा बारीक कर बरं का गड्या. न्हायतर मी सायकलीसकट वढ्यात."

"तुला आजपातूर कदी डोळ्यात मारलीया व्हय?" अण्णा म्हणाले.

अण्णांनी मला मागे बसवून टेकडीपर्यंत एक चक्कर मारली. उतार लागला, मूठ सोडली, दिवा जसाच्या तसा. अण्णा मान वळवून म्हणाले, "उताराला बी तेवढीच हाय की रं! हलत न्हाई!" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी फुगलो. तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. उताराला हलत नाही, तर मोरीवर तरी कशी हलेल? पण माझ्या आकृतीत कॉइल होती, रेक्टिफायर होता, बॅटरी होती, दिवा होता. समोरून येणारं कोणी नव्हतं. आणि अण्णांचं म्हणाल तर, जे डोळ्याने आदल्या दिवशी पाहिलं ते इतक्या वर्षांच्या हाताला एका रात्रीत कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मी सकाळच्या एसटीने पुण्याला निघायच्या तयारीत होतो. अण्णा नेहमीच्या वेळेला आले नाहीत. ऊन वर आल्यावर आले ते गाडी स्टँडवर लावून तसेच उभे राहिले. किटल्याही उतरवल्या नाहीत.

"तात्या पडला," ते म्हणाले. "मोरीवरनं."

उजव्या हाताचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. अण्णांनीच त्यांना ओढ्यातून वर काढलं, त्याच गाडीवर मागे बसवलं आणि पौडला दवाखान्यात नेलं.

मी एसटी सोडली. दुपारी तात्यांना घरी आणल्यावर अण्णा आणि मी भेटायला गेलो. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर खरचटलेलं. घरात त्यांची बायको होती, तिला मी काकी म्हणतो. त्यांचा मुलगा होता, आळीतली आणखी चार माणसं होती. अण्णा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले.

तात्या म्हणाले, "हात मोडला त्याचं काय न्हाई. हाडच हाय, जुळंल. पर तू लाईट का न्हाई बारीक केलीस, तेवढं सांग."

"मूठ सोडली व्हती गड्या."

"मग बारीक का न्हाई झाली?"

"सोडली व्हती. तुझ्या गळ्याशप्पत."

"माझा गळा ऱ्हाऊ दे. मला म्होरं पांढरं फटक सोडून काय बी दिसलं न्हाई. मी हात वर केला तुला, मोरी म्हाईत हाय म्हणून. त्यातच चाक गेलं."

अण्णा माझ्याकडे वळले. ती नजर मला अजून विसरता येत नाही, कारण तिच्यात संशय नव्हता. घरात काही अडलं की कागद माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, बघ यात काय लिहिलंय, तशीच ती होती.

"का रं? तूच सांग. मूठ सोडल्याव दिवा बारीक व्हतुया ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरं उत्तर माहीत होतं. नाही अण्णा, आता होत नाही. मी तो बॅटरीवर घेतला. तुम्हाला सांगितलं नाही. बटण बसवायचं होतं, ते पिशवीत राहिलं. एवढी चार-पाच वाक्यं. मी म्हणालो, "अण्णा, त्यासाठी डिप्परचं बटण असतं."

यातही खोटं काही नाही. गाडीला डिप्परचं बटण असतंच.

तात्यांनी मान भिंतीकडे फिरवली. आळीतला एकजण हळूच म्हणाला, "म्हंजी बटण व्हतं, दाबलं न्हाई." अण्णा माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना वाटलं, पोराने आपल्याला सांगितलं असेल आणि आपणच विसरलो. मग ते उठले, पायात चपला घालताना एक चप्पल दोनदा चुकली, आणि बाहेर पडले.

पुढे जे केलं त्याची लाज जास्त आहे. तिथे मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. पण घरी आल्यावर, अण्णा म्हशींना पाणी दाखवायला गेले असताना, मी पिशवीतून बटण काढलं. जुन्या पट्टीवर रॉकेल ओतून ती सोडवली. टेप काढली, वायर जोडली आणि बटण बसवून टाकलं. घाईत माझं बोट चिरलं. अण्णा आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "हे बघा, हे खाली केलं की उजेड खाली पडतो." ते वाकून बटणाकडे बघत राहिले. "हे व्हतं व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बोटाला चिंधी बांधत होतो. मान हलवली की नाही, ते मला आठवत नाही, असं लिहिणार होतो. पण आठवतं. हलवली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा आला. भांडायला नव्हे, नुसता बघायला. त्याने गाडी चालू केली, बटण खाली केलं. उजेड खाली पडला. वर केलं, वर गेला. त्याने तीनदा करून पाहिलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून गावात ठरून गेलं. मी बटण बसवलं नसतं तर कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं की दिवा खाली होतच नव्हता. अण्णांच्या बाजूने साक्ष देणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती मी माझ्या हाताने दुरुस्त करून टाकली.

डेअरीवर, पारावर बोलणं व्हायचं. "पोरगं इंजिनेर, आन् बापाला बटण दिसंना." "दिसतंय की. पर नवी लाईट आल्याव मानूस दिसत न्हाई." अण्णा ऐकून घ्यायचे. सुरुवातीला म्हणायचे, मूठ सोडली होती. नंतर म्हणेनासे झाले. मोरीवर आता कोणी समोर येत नव्हतं. तात्यांचं काम गेलं, कारण उजव्या हाताने नंबर लिहिता येईनात. प्लास्टर निघालं पण मनगट पुरतं वळेना. ते उपचारासाठी नांद्याला लेकीकडे जाऊन राहिले. मी पुण्यात रिपोर्ट लिहिला. फोटो चांगले आले होते.

शनिवार-रविवार मी घरी जायचं टाळू लागलो. परीक्षा आहे, प्रॅक्टिकल आहे. आई फोनवर म्हणायची, "तुझा बाप आजकाल समोरनं कुणी आलं का थांबतोच. गाडी बंद करून हुभा ऱ्हातो, मानूस जाईस्तवर." मी म्हणायचो, "बरं." आणखी काय म्हणणार होतो?

शिमग्याला मात्र जावंच लागलं. संध्याकाळी गोठ्यात अण्णा धार काढत होते. मी वासराला धरून उभा होतो. मी ठरवून आलो नव्हतो. चरवीत धारेचा आवाज चालू होता, त्यांचा चेहरा म्हशीच्या पोटाला लागलेला होता, मला दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं. सगळं सांगितलं. बॅटरी, टेप, पिशवीतलं बटण, तात्यांच्या घरातलं उत्तर, आणि त्यानंतर गुपचूप बसवलेलं बटण.

धार थांबली. अण्णा म्हणाले, "म्हंजी मी मूठ सोडली व्हती."

"हो अण्णा."

"मला वाटाय लागलं व्हतं, मीच न्हाई सोडली. मनात म्हनलं, म्हातारा व्हत चाललो. हात इसराय लागला."

मला वाटलं होतं ते मारतील. निदान शिवी देतील. त्यांनी पुन्हा धार काढायला सुरुवात केली. मी म्हणालो, तुम्ही तात्यांना सांगा. ते म्हणाले, "मी कशापायी? माझं सांगून झालंय."

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो. दारात काकी सुपात मसूर पाखडत होती. तात्या अजून नांद्यालाच होते. आमच्या गावापासून नांदं गाडीवर अर्ध्या तासाचं. गाडी अंगणात उभी होती. मी गेलो नाही. प्रोजेक्टच्या वहीतलं एक पान फाडलं आणि तिथेच ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली. जे गोठ्यात बोललो तेच लिहिलं. खाली पूर्ण नाव लिहिलं. रिपोर्टपेक्षा तिला जास्त वेळ लागला.

काकीने चिठ्ठी कमरेला खोचली. तिला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिव्हलंय?"

मी सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. "हे तोंडानं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. हितंच सांगायचं व्हतंस, त्या दिशी. आमी समदी हितंच व्हतो की." मग पुन्हा सूप उचललं. "देते मी. जा."

त्यानंतर मी वाट पाहिली. चैत्र गेला, परीक्षा झाली, सुट्टीत पुण्यातच एका वर्कशॉपमध्ये काम धरलं. तात्यांकडून निरोप नाही. फोन आला की आधी वाटायचं तेच असेल. आईला विचारायची हिंमत नव्हती. तीही आपणहून काही सांगत नव्हती. तात्यांनी चिठ्ठी वाचून फाडली असेल, असंही मी धरून चाललो. त्यात त्यांची काही चूक नव्हती. अण्णांबद्दल मात्र एक कळलं होतं. आता ते समोर कोणी दिसलं की बटणही दाबतात आणि मूठही सोडतात. मूठ सोडून आता काही होत नाही, हे मी त्यांना समजावलंय. तरी सोडतात.

जुलैत आमची लावणी निघाली. मी कॉलेजात होतो. मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. मागे पावसाचा आणि माणसांचा आवाज होता.

"तात्या आलं व्हतं," ती म्हणाली. "लावणीला. सोताहून."

मधल्या सुट्टीची गडबड होती, मी फोन घेऊन जिन्यात गेलो.

"मनगट वळत न्हाई त्यांचं. म्हनलं, बसा बांधावर. तर बसलं न्हाई. खिशातनं प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात तुझी चिठ्ठी. समद्यांना म्हनलं, वाईच थांबा. आन् चिखलात हुभं ऱ्हाऊन वाचली. समदी. खालचं तुझं नाव बी."

"कोण कोण होतं?"

"समदी व्हती. कोन नव्हतं? वाचून झाल्याव तुझ्या बापाकडं हात करून म्हनलं, 'ह्यानं मूठ सोडली व्हती. चार म्हैने चिठ्ठी खिशात घेऊन फिरतुया मी. मला बी लाज वाटत व्हती.'"

माझ्याबद्दल काय म्हणाले, हे विचारायचं होतं. मी विचारलं, "अण्णा काय म्हणाले?"

"काय बी न्हाई. रोपाची एक जुडी टाकली त्यांच्या म्होरं." मग म्हणाली, "तात्यांनी डाव्या हातानं लावली रं. चार वळी. लई वाकड्या आल्यात. मी नीट कराय गेले तर तुझा बाप म्हनला, हात लावू नको, ऱ्हाऊ दे तशाच."